सौर पॅनेलचा वाद आयोगात : दुरुस्ती करावी की थांबावे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली आणि नांदेड-लातूरच्या छतांवर सौर पॅनेल दिसू लागले. संच वाढले तसे वादही आले. इन्व्हर्टर बंद पडतो, बसविणारा ‘उद्या येतो’ म्हणतो आणि येत नाही. शेवटी प्रकरण ग्राहक आयोगात जाते. मग घरात प्रश्न उभा राहतो : निकाल लागेपर्यंत संच तसाच ठेवावा की मिस्त्री बोलवावा?

धोका दोन्हीकडे आहे. घाईने दुरुस्ती केली तर जुना भाग भंगारात जातो आणि समोरचा म्हणतो, ‘तुम्हीच उघडले, तुम्हीच बिघडविले.’ हातावर हात ठेवून बसलात तर विजेचे बिल वाढत जाते. शिवाय भरपाई ठरविताना नुकसान टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते, हेही करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे पाहिले जाते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी पुरावा, मग नोटीस, मग दुरुस्ती.

अपवाद एकच, जिवाच्या धोक्याचा. जळका वास, ठिणगी किंवा सैल झालेला सांगाडा असेल तर वाट पाहू नये. मात्र ऊन असेपर्यंत पॅनेल वीज तयार करीतच असते. घराचा मेन स्विच पाडला तरी पॅनेलच्या तारांत दाब राहतो. सहा मोठ्या पॅनेलच्या रांगेत तो दोनशे व्होल्टच्या पुढे जातो. चालू भारावर जोडणी ओढून काढू नये. हे काम जाणकारानेच करावे. महावितरणच्या मीटरला व सीलला हात लावू नये.

पुराव्यासाठी बिघाडाचे फोटो, प्रत्येक पॅनेलचा व इन्व्हर्टरचा क्रमांक, इन्व्हर्टरवर दिसणारी खूण, मोबाईलमधील रोजच्या उत्पादनाची नोंद आणि आधीची-नंतरची वीजबिले जपून ठेवावीत. करारपत्रही वाचावे. या योजनेतील संचाची पाच वर्षे देखभाल करणे ही बसविणाऱ्याची जबाबदारी आहे.

त्यानंतर बसविणाऱ्याला स्पीड पोस्टाने लेखी कळवावे : ‘अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा; नाहीतर आम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ. पाहणीस आपला माणूस पाठवा.’ तक्रार आधीच दाखल असेल तर प्रथम आयोगाकडे अर्ज करावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे आयोग दोषाची प्रयोगशाळेत तपासणी करवून घेऊ शकतो आणि अंतरिम आदेशही देऊ शकतो.

आपल्या मिस्त्री व इलेक्ट्रिशियन बांधवांनीही काळजी घ्यावी. अशा कामाचे बिल तारखेसह द्यावे. काय आढळले, कोणता भाग काढला, कोणता बसविला, हे लिहावे. दोष कोणाचा, हे लिहू नये; जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. काढलेला भाग पाकिटात बांधून मालकाच्या हाती द्यावा व सही घ्यावी. इन्व्हर्टरचे सील तोडले तर कंपनीची हमी जाऊ शकते, हे मालकाला आधी सांगावे.

तक्रार कोठे करावी? नांदेड व लातूर दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी पुण्याची असली तरी आपण राहतो तेथे तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. इतवाऱ्यात किंवा गंजगोलाईत दुकानाच्या छतावर संच असेल तर समोरचा ‘हा व्यापारी वापर’ म्हणेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सवलत आहे. ते तक्रारीत स्पष्ट लिहावे.

जळालेला भाग भंगारवाल्याकडे चार पैशांना जाईल. आयोगापुढे मात्र तोच तुमचा साक्षीदार आहे. निकाल लागेपर्यंत तो घरातून हलवू नका.