थेंबाचे गणित

फवारणी करूनही तण जिवंत राहिले की बोल बहुधा औषधाला लागतो. पंपाच्या नळीच्या टोकाला बसविलेल्या बोटाच्या पेराएवढ्या नोझलकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः तणनाशक पानावर उतरणार की वाऱ्यावर जाणार, याचा निवाडा पुष्कळसा तेथेच होतो. कारण थेंबाचे आकारमान नोझल ठरविते.

थेंबाचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच पाण्यातून आठपट थेंब मिळतात आणि ते पानाचा दुप्पट पृष्ठभाग व्यापतात. मग थेंब जितका बारीक तितका उत्तम, असे कोणालाही वाटेल. परंतु १०० मायक्रॉनचा, म्हणजे सुमारे केसाच्या जाडीचा थेंब एक मीटर खाली उतरण्यास जवळजवळ चार सेकंद घेतो. ताशी ८ किलोमीटरचा मंद वारा तेवढ्या अवधीत त्याला आठ-नऊ मीटर वाहून नेतो. ४०० मायक्रॉनचा थेंब मात्र सेकंदाच्या आत जमीन गाठतो.

वाहून गेलेला थेंब केवळ वाया जात नाही. उसातील रुंद पानांच्या तणासाठी फवारलेले २,४-डी बांधापलीकडील कापसावर वा द्राक्षवेलीवर गेले, तर अल्पांशानेही पाने आक्रसून विद्रूप होतात. एकाच्या तणाचे औषध शेजाऱ्याच्या पिकाचे विष ठरते.

याउलट अतिमोठा थेंब गवताच्या उभट, मेणचट पानावरून उसळून खाली पडतो. म्हणून औषधाचा स्वभाव पाहावा. स्पर्शाने जाळणाऱ्या तणनाशकाला पान सर्वत्र भिजावे लागते. त्यास मध्यम थेंब हवा. पानातून मुळांपर्यंत वाहणाऱ्या औषधाला थोडे मोठे थेंबही चालतात.

कीटकनाशकासाठी वापरतात ते पोकळ शंकूसारखा फवारा देणारे नोझल बारीक तुषार उडविते. तणनाशकासाठी पंख्यासारखा चपटा फवारा देणारे नोझल योग्य. दाब वाढविला की थेंब बारीक होतात, हेही स्मरणात असावे. नोझल झिजले की अधिक पाणी सोडते आणि पट्टा असमान भिजतो. नव्यापेक्षा एकदशांश अधिक पाणी येऊ लागताच ते बदलावे. एवढ्याशा खर्चाने औषधही वाचते आणि शेजारधर्मही.