‘ए’ फॉर… अडचण!

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं मालवणला गावच्या घरी जमलो होतो. रात्री सुरमई हाणून झाली आणि पडवीत लॅपटॉपवर सिनेमा बघायचा बेत ठरला. कुणीतरी म्हणालं, ‘न्यूड’ लावूया. नुसतं नाव ऐकून काकी स्वयंपाकघरातून बाहेर! बारावीतल्या चुलत भावाकडे बोट दाखवत म्हणाली, ‘‘ह्यो हय बसूचो नाय!’’ वर त्याला अशी अस्सल मालवणी शिवी हासडली, की ती छापली तर या पानालाच ‘ए’ सर्टिफिकेट घ्यावं लागेल.

गंमत बघा. शिवी चालते, सिनेमा चालत नाही. शिव्यांसकट ‘वस्त्रहरण’ अख्ख्या कुटुंबांनी डोक्यावर घेतलं, पाच हजारांवर प्रयोग झाले. मग सिनेमालाच एवढा धाक का?

याचं एक उत्तर सुप्रीम कोर्टाने १९७० मध्ये दिलं. के. ए. अब्बास यांच्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या डॉक्युमेंटरीत मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. सेन्सॉरने ‘ए’ दिलं, अब्बास कोर्टात गेले. सिनेमा इतर कलांपेक्षा मनाला जास्त खोलवर हलवतो, म्हणून त्याला वेगळा न्याय, असं कोर्टाने म्हटलं.

आज कायदा काय सांगतो? ‘यू’ सगळ्यांसाठी. ‘यूए’ पालकांच्या सल्ल्याने. त्यातही २०२४ पासून ७, १३ आणि १६ वर्षं अशा पायऱ्या. ‘ए’ मात्र फक्त १८ पूर्ण झालेल्यांसाठी. थिएटरमध्ये आईचा हात धरून गेलात तरी नो एंट्री! सेक्स, नग्नता, रक्तपात, ड्रग्ज, शिव्या ही नेहमीची कारणं. पण सिनेमा सुटा सुटा नाही, अख्खा बघून त्याचा परिणाम जोखायचा, असंही मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय.

‘न्यूड’ची गोष्ट इथेच येते. मुलाला शिकवण्यासाठी आर्ट स्कूलमध्ये नग्न मॉडेल म्हणून बसणारी आई हा रवी जाधव यांच्या सिनेमाचा विषय. २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या गोव्यात, इफ्फीत, इंडियन पॅनोरमाचा तो ओपनिंग सिनेमा ठरला होता. मंत्रालयाने तो यादीतून काढला. ज्युरीचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये विद्या बालन यांच्या अध्यक्षतेखालच्या खास ज्युरीने सिनेमा पाहिला आणि एकही कट न देता ‘ए’ दिलं. एप्रिलमध्ये तो रिलीज झाला.

म्हणजे ‘ए’ हा सिनेमाच्या चारित्र्याचा दाखला नाही. कधी कधी तर कात्री टाळण्याची ती किंमत असते. पण किंमत मोठी आहे. फॅमिली ऑडियन्स गेला, टीव्हीही गेला. ‘ए’ सिनेमा आहे तसा तिथे दाखवता येत नाही. आणि आईच्या कष्टांचा अर्थ ज्या वयात कळायला हवा, ते वय दाराबाहेरच राहतं.

त्या रात्री भाऊ चरफडत झोपायला गेला. काकी मात्र ‘जरा बघतंय’ म्हणत दारात टेकली, ती शेवटपर्यंत हललीच नाही. सिनेमा संपल्यावर बराच वेळ गप्प. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘‘ह्या झिलाक दाखवूक व्हया होता.’’

झिल पुढच्या मे महिन्यात अठराचा होईल. मी लॅपटॉप घेऊन जाणार आहे!