६४ मेगाबाइटचा संसार

१५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत एक्सबॉक्स विक्रीला आणला. २९९ डॉलरचा हा काळा, बोजड खोका बाहेरून गेम कन्सोल आणि आतून जवळजवळ पीसीच होता. पेंटियम थ्रीच्या घराण्यातला ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ८ जीबीची हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि नेटवर्कची केबल लावायला इथरनेट पोर्ट. गाणी, फोटो, सिनेमे यांसाठी लागणारं सगळं सामान त्यात होतं, पण परवानगी नव्हती. ऑडिओ सीडीवरची गाणी डिस्कवर उतरवून घेता येत, मात्र पीसीवरची एमपीथ्री फाइल तो वाजवत नसे. डीव्हीडी बघायची तर रिमोटचा संच वेगळा विकत घ्यावा लागे.

यामागे धंद्याचं गणित होतं. कन्सोल तोट्यात विकायचा आणि पैसा गेममधून कमवायचा. मे २००२ मध्ये तर किंमत १९९ डॉलरवर आली. इतक्या स्वस्तात मिळणारं यंत्र लोकांनी भलत्याच कामाला लावलं, तर तोटा भरून कसा निघणार? म्हणून मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही नसलेला कोणताही प्रोग्रॅम चालू नये, अशी कुलुपं त्यात बसवली होती. हार्ड डिस्कलासुद्धा पासवर्ड होता.

ती कुलुपं फार काळ टिकली नाहीत. एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू ‘बनी’ हुआंगने मदरबोर्डवरच्या दोन चिपांमधली वाहतूक टिपली आणि तिच्यात गुप्त किल्ली उघडीवाघडी धावताना त्याला सापडली. २००२ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. पुढे याच विषयावरचं त्याचं पुस्तक छापायला मूळ प्रकाशक कायद्याच्या धास्तीने कचरला, तेव्हा त्याने ते आधी स्वतःच काढलं. तोवर मदरबोर्डवर सोल्डर करून कुलूप चुकवणाऱ्या मॉडचिप बाजारात आल्या होत्या. २००३ पासून तर सोल्डरिंगचीही गरज उरली नाही. ‘मेकअ‍ॅसॉल्ट’सारख्या गेमची मुद्दाम बिघडवलेली सेव्ह फाइल उघडली, की कन्सोल परका प्रोग्रॅम चालवू लागे.

उघडलेल्या यंत्राचं करायचं काय? अनेकांनी गेमच्या चोरट्या प्रती चालवल्या. काही हौशी प्रोग्रॅमरांनी मात्र २००२ मध्येच एक्सबॉक्स मीडिया प्लेयर लिहायला घेतला. ‘फ्रोडो’सारख्या टोपणनावांनी वावरणारी ही मंडळी बिनपगारी काम करत. त्यातूनच एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजे एक्सबीएमसी, उभं राहिलं. त्याची १.० आवृत्ती जून २००४ मध्ये आली.

त्याची करामत दिवाणखान्यात दिसे. आतल्या खोलीतल्या पीसीवर फोल्डर शेअर केला, की त्यातले सिनेमे, गाणी आणि फोटो बाहेरच्या टीव्हीवर थेट चालत, कॉपी करण्याची भानगड नाही. सोफ्यावरून वाचता येतील अशी मोठी अक्षरं, हातात माउसऐवजी गेमपॅड. ‘ए’ दाबलं की फाइल उघडे, ‘बी’ने मागे जाता येई, आणि ट्रिगर जितका दाबावा तितक्या वेगाने चित्र पुढे धावे. सिनेमाची माहिती इंटरनेटवरून यायची, स्क्रीनचं रूप हवं तसं बदलता यायचं आणि पायथन भाषेत लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टही चालायच्या.

हे सगळं ६४ मेगाबाइट मेमरीत बसवायचं होतं, आणि त्यातच ग्राफिक्सचाही वाटा. म्हणून प्रोग्रॅमचा जो भाग लागेल तेवढाच मेमरीत घ्यायचा आणि काम झालं की लगेच बाहेर काढायचा, असा काटकसरीचा संसार चाले. फाइल सिस्टिमचेही नियम कडक होते: डिस्कवर नाव ४२ अक्षरांपेक्षा मोठं नको आणि फाइल ४ जीबीपेक्षा मोठी नको. डीव्हीएक्स आणि एक्सव्हिड प्रकारचे व्हिडिओ सुरळीत चालत. एच.२६४ मधला एचडी सिनेमा आला, की प्रोसेसरला धाप लागे.

कायद्याच्या बाबतीत प्रकल्प एका विचित्र जागी उभा होता. सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला होता. पण त्याचा चालणारा प्रोग्रॅम बनवायला मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपमेंट किट लागे, आणि ते फक्त परवानाधारकांसाठी होतं. म्हणून प्रकल्पाने तयार प्रोग्रॅम अधिकृतपणे कधी वाटलाच नाही. जगभर लोक तो वापरत, तो मात्र आडमार्गाने मिळवून.

कंपन्यांनाही ही गरज हळूहळू पटली. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये ‘म्युझिक मिक्सर’ आणून पीसीवरची गाणी आणि फोटो एक्सबॉक्सवर घेण्याची सोय विकत देऊ केली. पुढे डिसेंबर २००७ या एकाच महिन्यात एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ या दोघांनाही डीव्हीएक्स चालवता येऊ लागलं. हौशी मंडळींनी ते किती तरी आधी साधलं होतं.

याच सुमारास एक्सबीएमसी कन्सोलबाहेर पडलं. २००७ मध्ये ते लिनक्सवर नेण्याचं काम सुरू झालं. मॅकवरच्या रूपातून प्लेक्स हे मीडिया सॉफ्टवेअर जन्माला आलं, तसंच बॉक्सीही याच कोडवर उभं राहिलं. २०१० मध्ये मूळ एक्सबॉक्सची शाखा वेगळी झाली. २०१२ साली ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला, तेव्हा त्या इवल्या बोर्डावरही एक्सबीएमसी चाललं. गरिबीत वाढलेल्या प्रोग्रॅमला ते जड गेलं नाही. २०१४ मध्ये त्याने ‘कोडी’ हे नाव घेतलं, कारण आता एक्सबॉक्सशी त्याचा संबंध नावापुरताच उरला होता.

मोकळेपणाची किंमतही मोजावी लागली. कोडी स्वतः सिनेमे किंवा गाणी पुरवत नाही. पण कोडी आणि चोरट्या सिनेमांचे अ‍ॅड-ऑन आधीच भरलेले, टीव्हीला जोडायचे खोके काहींनी विकायला काढले. एप्रिल २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने असे खोके विकणं हा कॉपीराइटचा भंग ठरवला. कोडीच्या चमूनेही त्या विक्रेत्यांपासून जाहीरपणे हात झटकले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कोडी एक्सबॉक्स वनवर आलं, या वेळी मायक्रोसॉफ्टच्याच अधिकृत स्टोअरमधून.

या प्रकल्पाचं श्रेय कुलूप तोडणाऱ्यांना सहज मिळतं. पण कुलूप तुटलेली यंत्रं पुष्कळ होती, आणि त्यांतली बहुतेक फुकट गेम खेळण्यापलीकडे गेली नाहीत. एक्सबीएमसी टिकलं ते त्याच्या घडणीमुळे. घरातल्या कोणालाही गेमपॅडवर चालवता यावं आणि ६४ मेगाबाइटमध्ये मावावं, या दोन अटी त्याच्या कर्त्यांनी सुरुवातीपासून पाळल्या. नंतरच्या प्रत्येक यंत्रावर त्याच अटी त्याच्या उपयोगी पडल्या.