लेकीच्या कॉम्प्युटरमधलं माझं माहेर

मे महिन्यातली रात्र. साडेअकरा वाजून गेले होते. सगळे झोपले असं समजून मी नेहमीसारखी घरभर फिरत बटणं बंद करत होते. लेकीच्या टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा घूंऽऽ करत होता, पडदा मात्र काळा. म्हटलं, विसरली पोरगी! भिंतीवरचं बटण खट्‌कन बंद केलं आणि निजायला गेले.

सकाळी लेक नुसतीच बसलेली. "आई, रात्री कॉम्प्युटर तू बंद केलास?" मी हो म्हटलं, वर विजेच्या बिलाचंही ऐकवलं. ती एवढंच म्हणाली, "आजीचं गाव गेलं."

हे कळायला थोडं मागे जावं लागेल. मैत्रिणींनो, घरात शाळा-कॉलेजातलं मूल असेल तर 'माइनक्राफ्ट' हे नाव तुमच्या कानावरून गेलंच असेल. स्वीडनच्या मोजांग कंपनीचा हा खेळ २०११ साली पूर्ण रूपात बाजारात आला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. खणा, ठोकळे गोळा करा, हवं ते बांधा. आपण ओल्या मातीची घरं करायचो ना, त्यातलाच प्रकार.

पाच-सहा जणांना एकाच जगात खेळायचं तर ते जग कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर नांदावं लागतं. तो सर्व्हर. भिशी जिच्या घरी भरते तिनेच सतरंजी घालायची, तसंच हे. आमच्याकडे सतरंजी घालणारी माझी लेक. खेळ ज्याने-त्याने विकत घ्यायचा, पण सर्व्हरचा प्रोग्राम कंपनी फुकट देते. अडचण वेगळीच होती. मूळ खेळात गहू आहे, बटाटा आहे, गाजर आहे, बीटसुद्धा आहे. धान नाही! भंडाऱ्याच्या पोरीने भाताशिवाय गाव वसवायचं कसं? म्हणून तिने 'फार्मर्स डिलाइट' नावाचा मॉड घातला. मॉड म्हणजे मूळ खेळात बाहेरच्या हौशी मंडळींनी घातलेली भर. त्यात धान आहे, तेही एका ठोकळ्याइतक्या उथळ पाण्यातच लावायचं. मात्र सर्व्हरवर जो मॉड आणि त्याची जी आवृत्ती, तीच प्रत्येक खेळणाऱ्याकडे हवी. एकाचीही जुनी असली की तो दाराबाहेर. पहिला आठवडा फोनवर नुसतं हेच चाललं होतं.

हे मॉड कुठूनही उचलायचे नाहीत, हेही तिनेच मला सांगितलं. जून २०२३ मध्ये नावाजलेल्या ठिकाणच्या काही मॉडमधूनच 'फ्रॅक्चरायझर' नावाचा व्हायरस पसरला होता. मग कुठूनही उचललेल्यांचं काय सांगावं?

दुसरी अडचण पत्त्याची. पुष्कळ घरांच्या इंटरनेटला स्वतःचा वेगळा पत्ता नसतो. एका पत्त्यावर कितीतरी घरं, चाळीला एकच टपालपेटी असावी तशी. बाहेरचा पोरगा दार वाजवणार कुठे? तिने मधे एक सेवा जोडली. ती निरोप घेते आणि नेमका आमच्या घरी पोचवते. आपला खरा पत्ताही चारचौघांत जात नाही. तरी पहिल्याच महिन्यात कुणी अनोळखी आत शिरला आणि दोन घरं उडवून गेला. त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. मुलीची जात, त्यात रात्रीची वेळ... मी खेळच बंद करायला निघाले होते. तिने मला शेजारी बसवून 'व्हाइटलिस्ट' दाखवली. यादीत नाव असेल त्यालाच आत प्रवेश. ती यादी मी आजही अधूनमधून वाचते. माझा तो हक्कच आहे असं मी मानते!

आता गावाचं. माझं माहेर पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं. गोसेखुर्द धरणाच्या बुडित क्षेत्रात ते गेलं. आई उन्हाळ्यात आमच्याकडे येते. नातीने सहज विचारलं, "आजी, तुमचं घर कसं होतं?" आणि आई सुरूच झाली. कुठे मालगुजारी तलाव, कुठे बोडी, कोणत्या बांधीला कोणता धुरा. पोरगी ऐकायची आणि ठोकळे रचायची. तिच्या मैत्रिणी, मावसभाऊ आपापल्या घरून येऊन धुरे टाकायचे. आई पडद्याकडे पाहून म्हणायची, "असं नोहो वो, वडाचं झाड पाराच्या तिकडं होतं. अन् हे काय, रोवणी न करताच धान?"

ह्यांना ते सगळं पोरकट वाटायचं. मग लेकीने सांगितलं, २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने मोजांगबरोबर 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम सुरू केला. आपल्या वस्तीतलं मैदान, बाग कशी हवी ते रहिवाशांनी याच खेळात रचून दाखवलं. हे गप्प बसले. पटलं की नाही, कोण जाणे.

आणि ते गाव मी एका बटणाने बुडवलं. झालं असं की पडदा बंद असला तरी जग चालू होतं आणि नेमकं तेव्हाच ते स्वतःची नोंद करून घेत होतं. मधेच वीज गेली, नोंद अर्धवट राहिली, फाइल बिघडली. पुन्हा सुरू केल्यावर खेळाने त्या तुकड्यात मूळचं रान उगवलं. तलावाच्या पाळीपर्यंत गाव, आणि पुढे एकदम झाडं. आई बराच वेळ त्या झाडांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्यांदा गेलं." मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

एक प्रत पेन ड्राइव्हवर निघाली, अकरा दिवसांपूर्वीची. तेवढं परत मिळालं, बाकीचं नव्याने बांधावं लागलं. या वेळी मीही बसले. दोन दिवस माझं माणूस नुसतं भिंतीलाच धडकत होतं, मुलं हसून हसून लोळली. पण आमच्या घराची ओसरी मी बांधली. आई म्हणते, पायऱ्या चारच होत्या. मला पाच आठवतात. अजून वाद मिटलेला नाही.

भिशीच्या पैशांतून मी छोटा यूपीएस आणला. लाइन गेली तर सर्व्हर नीट बंद करायला तेवढी पाच-दहा मिनिटं पुरतात. रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची हाही नियम केला. सर्व्हर रात्री दहापर्यंतच, आणि परीक्षेच्या महिन्यात पूर्ण बंद. यावर थोडी धुसफूस झाली, पण मी ऐकलं नाही.

आता रात्री फिरताना गॅसचं बटण तपासते आणि लेकीला हाक मारते, "स्टॉप दिला का गं?" आतून "हो" आलं की मगच भिंतीवरचं बटण.