दोन धारांमधला एक दिवस पोरांना द्या

मे महिन्याची सुट्टी लागली. शाळेला कुलूप आणि पोरं गल्लीत. पहिले चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी घरातून सूर निघतो, "अहो, या पोरांना एक दिवस कुठं तरी फिरवून आणा की." त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं असतं, "कांदा चाळीत टाकायचा राहिलाय, बघू पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा नांगरटीचा निघतो, त्याच्या पुढचा बी-बियाण्याचा, आणि मग मृगाचे ढग दिसायला लागतात. जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा गुरुजी विचारतात, सुट्टीत कुठं गेला होतात? अर्धा वर्ग "मामाच्या गावाला" म्हणतो आणि अर्धा वर्ग गप्प बसतो.

सहल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एक तर महाबळेश्वर येतं, नाही तर जीप भाड्यानं करून केलेलं देवदर्शन. पहिलं खिशाला परवडत नाही. दुसऱ्याला आमची ना नाही, पण दर्शनाच्या रांगेत चार तास उभं राहून पाच वर्षांचं पोर बघतं काय? पुढच्या माणसाची पाठ. घरी आल्यावर त्याला विचारा, त्याला रांगेतल्या लोखंडी नळ्या आणि बाहेर घेतलेली शिट्टी एवढंच आठवतं.

खरी अडचण पैशाची कमी आणि वेळेची जास्त आहे. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगर आणि बोलताना अजूनही नगर, घरटी दोन-चार गाया आहेत. गाईला सुट्टी नसते. पहाटे धार, सात-साडेसातपर्यंत दूध डेअरीला, आणि संध्याकाळी पाच-सहाला परत धार. म्हणजे तुमच्या हातात मधले नऊ-दहा तास उरतात. एवढ्यात जाऊन येता येईल अशी जागा शोधायची. अशा जागा भरपूर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच एकाच नदीच्या काठावर आहेत. ती नदी म्हणजे आपली प्रवरा.

प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगवते आणि नेवासे तालुक्यात टोक्याजवळ गोदावरीला मिळते. सगळा प्रवास दोनशे किलोमीटरच्या आसपास. अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या तालुक्यांतली कितीतरी शेती हिच्या पाण्यावर उभी आहे. पण आपल्या पोरांना विचारा, पाटाला पाणी कुठून येतं? उत्तर येईल, "चारीतून." आणि चारीला? "पाटातून." त्याच्या पुढं कोणी जात नाही. सुट्टीतला एक दिवस ही साखळी पुढं नेण्यासाठी काढा. वरच्या अंगाला राहत असाल तर धरणाकडं जा, खालच्या अंगाला असाल तर संगमाकडं. एका दिवसात दोन्ही टोकं गाठण्याच्या भानगडीत पडू नका. लहान पोरं बरोबर असताना एक दिवस, एक जागा.

धरणाच्या बाजूला

अकोले-संगमनेरकडच्या मंडळींना भंडारदरा सोपं. धरणाशेजारचं गाव शेंडी, अकोले-राजूरवरून एसटीनं जाता येतं. धरण 1926 साली पूर्ण झालं, दगड-चुन्याचं बांधकाम, उंची सुमारे 270 फूट. त्यात 11 हजार 39 दशलक्ष घनफूट पाणी मावतं. हा आकडा तुम्ही पेपरात पावसाळाभर वाचता, पण पोराला आकड्यात काही कळत नाही. त्याला भिंतीसमोर उभं करा आणि सांगा, आपल्या उसाला आलेलं पाणी या भिंतीमागं साठलं होतं. विमोचकातून पाणी सोडलेलं असेल तर ते खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं, त्याला अंब्रेला धबधबा म्हणतात. थोडं अलीकडं रंधा धबधबा आहे. त्याची खरी शोभा पावसाळ्यात. उन्हाळ्यात पाणी नसलं तर कातळ लांबूनच दाखवा, कड्याजवळ पोराचा हात सोडू नका.

मे महिन्यात जलाशय खाली गेलेला असतो. काठाची माती भेगाळलेली दिसते. लोक म्हणतात, या दिवसांत काय बघायचं तिथं? आमच्या मते हेच बघायचं. पाणी किती होतं आणि किती उरलं हे भिंतीवरच्या खुणेवरून पोरालासुद्धा कळतं. आणि आणखी एक गोष्ट दिसेल. धरणाच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांत उन्हाळ्यात बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या असतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आपण नुसतं बोलतो. लाभक्षेत्रातल्या पोरांनी ते एकदा डोळ्यांनी पाहावं. रस्त्याच्या कडेला तिथलीच मुलं करवंदं, जांभळं विकत बसलेली असतात. करवंदाच्या द्रोणाला घासाघीस करू नका. आपल्या कांद्याला व्यापाऱ्यानं भाव पाडून मागितला की कसं वाटतं ते आठवा.

वेळ उरला तर रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर आहे. पुरातन दगडी मंदिर आणि शेजारी कोनाड्यांची पुष्करणी. पण एसटीनं गेलात तर त्याच दिवशी दोन्ही जमवणं ओढाताणीचं होतं.

मे अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत याच भागात काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडंच्या झाडं लुकलुकत असतात, आणि एका झाडावरचे काजवे एका ठेक्यात उघडझाप करतात. मात्र ही रात्रीची गोष्ट. तेव्हा धार शेजाऱ्याला सांगून जावं लागेल आणि मुक्काम करावा लागेल. गेलात तर बॅटरी, मोबाईलचा उजेड आणि गाडीचे दिवे बंद ठेवा, गवतात शिरू नका, फांदी हलवू नका. काजव्याचं चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं. आपल्या उजेडात त्यांना ते दिसत नाही. गवतात चालणाऱ्याच्या पायाखाली माद्या चिरडतात आणि पुढच्या वर्षीचे काजवे तिथंच संपतात. शहरातून येणारी गर्दी हे पाळत नाही, अशी ओरड आहे. निदान आपण पाळू.

संगमाच्या बाजूला

श्रीरामपूर, नेवासे, राहुरीकडच्यांनी नेवासे गाठावं. 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती इथं. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसले असं मानतात तो पैस खांब मंदिरात आहे. पोराला एवढंच सांगा की तेव्हा त्यांचं वय पंधराच्या आसपास होतं, म्हणजे आपल्या दहावीतल्या दादाएवढं. तिथून पुढं छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर प्रवरासंगम आहे. समोर टोक्याला सिद्धेश्वराचं कोरीव मंदिर आणि नदीचा घाट. दोन नद्या एकत्र होताना दिसतात, आणि रतनगडावर निघालेलं पाणी इथून जायकवाडीच्या जलाशयात जातं. नगर आणि मराठवाडा यांच्यातलं पाण्याचं भांडण आपण चावडीवर बसून करतो. ते पाणी जातं कुठं, हे पोरांना इथं दाखवता येतं.

दक्षिणेकडच्या तालुक्यांना प्रवरा लांब पडते. त्यांच्यासाठी पारनेर तालुक्यात निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरून कातळात रांजणासारखे खड्डे पडले, त्याला हजारो वर्षं लागली. पाणी कमी असताना ते नीट दिसतात. खड्डे खोल आहेत, कडा गुळगुळीत आहेत, म्हणून एका मोठ्या माणसामागं एकच लहान पोर असं प्रमाण ठेवा. कर्जतकरांना रेहेकुरी आहे. 1980 सालचं हे काळवीट अभयारण्य 2 चौरस किलोमीटरच्या थोडंसंच वर आहे. सकाळी लवकर गेलं तर कळप दिसतात. काळा, पीळदार शिंगांचा असतो तो नर, पिवळसर ती मादी. ज्वारी-तुरीत घुसणारं हे जनावर शेतकऱ्याला वैरी वाटतं, त्यात नवल नाही. पण माळावर ते उड्या मारत जाताना पोराच्या तोंडाकडं बघा, राग जरा उतरेल.

पाणी बघायला नेलं नाही तर

आता मुद्द्याचं बोलू. तुम्ही पोरांना पाण्याकडं नेलं नाही तर ती आपली आपण जातात. दर उन्हाळ्यात पेपरात चार ओळींच्या बातम्या येतात: शेततळ्यात बुडून दोघा भावंडांचा मृत्यू, कालव्यात मुलगा वाहून गेला. आई-बाप शेतात असतात, शाळा बंद असते, ऊन मी म्हणत असतं आणि पाणी शंभर पावलांवर असतं.

पूर्वी विहिरीवर पाठीला भोपळा नाही तर डबा बांधून चुलते पोरांना पोहायला शिकवत. आता विहिरींचे तळ दिसतात, शेताला पाणी बोअरचं, आणि पोहायला शिकवायला कोणी मोकळं नाही. शेततळी मात्र वाढली. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्यानंतर प्लास्टिकच्या कागदाची तळी गावोगाव झाली. दुष्काळात फळबागा त्यांनीच जगवल्या, हे खरं. पण त्या कागदावर शेवाळ धरतं आणि उतारावरून पाय घसरतो. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा हातानं धरायला काही नसल्यामुळं वर येऊ शकत नाही, मग पोराचं काय?

आणखी एक नवी गोष्ट. निळवंडे धरणाला 1970 साली मंजुरी मिळाली आणि डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं ते 2023 च्या मे महिन्यात. ज्या जिरायती गावांत दोन-तीन पिढ्यांनी पाट बघितला नव्हता, तिथं आता पाट वाहतो. ओझर बंधाऱ्याखालच्या जुन्या लाभक्षेत्रातल्या माणसाला आवर्तनाचं पाणी माहीत आहे, वरून संथ दिसतं आणि आत ओढ असते. नव्या गावांतल्या पोरांना ते कोणी सांगितलेलं नाही. म्हणून सहलीच्या दिवशी धरणावर, घाटावर, पाटाच्या पुलावर उभे राहा आणि त्यांना दाखवा. वाळलेली काडी पाण्यात टाका, ती किती वेगात जाते ते त्यांनाच मोजू द्या. नदीच्या पात्रात जिथं वाळू उपसली आहे तिथं गुडघाभर पाण्यातून एकदम डोह लागतो, हे काठावरूनच सांगा. आणि हे पाठ करून घ्या की कोणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही. ओरडायचं, दोर, काठी, धोतर, साडी जे असेल ते फेकायचं. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात.

घरच्या शेततळ्याच्या चारी बाजूंना खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडा, काठाला ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब ठेवा. खर्च किरकोळ आहे. कुंपणाला जरा जास्त लागेल, पण कागदाला पैसे घातले तसे त्यालाही घाला.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक (2024 पासून ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांनाही एक सांगणं आहे. 1 मेच्या ग्रामसभेत विनाकुंपणाच्या तळ्यांची आणि उघड्या विहिरींची यादी वाचून दाखवा. नावं वाचली की माणसं हलतात. आवर्तन सुटायच्या आदल्या दिवशी गावात दवंडी द्या, नाही तर मंदिराच्या भोंग्यावरून सांगा. आणि जमलं तर बचत गट किंवा पंधरा-वीस घरं मिळून एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घ्या. ज्यांच्या आई-बापांना एकही दिवस रोजगार बुडवणं परवडत नाही, ती पोरं त्यातून जातील. आमच्या लेखी ही गाडी त्यांच्यासाठीच.

घरच्या घरी जाणाऱ्यांसाठी एसटीचा हिशेब असा. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. पासष्टच्या पुढं अर्धं आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढं फुकट, पण वयाचा पुरावा बरोबर हवा. म्हणजे आजी, आई, दोन पोरं आणि बाप निघाले तर पूर्ण तिकीट एकट्या बापाचं. जेवण घरचं घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि लिंबू-मीठ-साखर घातलेलं पाणी. पोरं तहान लागली म्हणेपर्यंत थांबू नका, तासातासाला दोन घोट पाजा. डोक्याला ओलं उपरणं बांधा. दुपारी बारा ते तीन झाडाखाली बसा. चालणं सकाळीच उरका.

शेंडीला असो की नेवाशाला, उतरल्याबरोबर परतीची गाडी किती वाजता आहे हे कंडक्टरला विचारून ठेवा, आणि शेवटच्या गाडीवर न राहता तिच्या आधीची धरा. संध्याकाळच्या धारेला घरी पोचायचं आहे.