दोन मीटर आत

औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या ओळखीच्या शिक्षकांनी मला फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. वहीचं मधलं जोडपान, उभी रेघ मारून दोन भाग केलेले. डावीकडे 'झालेलं', उजवीकडे 'राहिलेलं'. डावी बाजू भरून वाहत होती. उजवीकडे एकच ओळ : 'टपरी. 2 मीटर.' खाली आरोग्यमंत्री म्हणून सही, तीही शुद्ध वळणदार.

कामाच्या निमित्तानं मी संस्थांचे, समित्यांचे, अभियानांचे अहवाल वर्षानुवर्षं वाचत आले आहे. राहिलेल्या कामाला स्वतःचा रकाना दिलेला त्यांत मला कधी दिसला नव्हता. सातवीतल्या मुलीनं तो आखला होता. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेचं मंत्रिमंडळ सगळ्यांसमोर सत्राचा आढावा मांडतं, असं सर म्हणाले. मी त्या दिवशी सकाळीच लातूरहून निघाले.

गाव पुनर्वसनातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जुनं गाव भूकंपात पडलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं अशी मुळातून उठून नव्या जागी गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदं माणसांच्या अंगावर आली होती. म्हणून नव्या गावात सगळं सुटं सुटं आहे : रुंद रस्ते, एका रांगेत घरं, आणि प्रत्येक कोपरा काटकोनात. त्या काटकोनाचं महत्त्व मला दुपारी कळणार होतं.

मंत्रिमंडळ जुलैत निवडलं जातं. अर्ज, प्रचार, मोबाईलवरच्या ॲपवर मतदान, बोटाला शाई, शपथविधी, खातेवाटप. कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. शेजारच्या शेडमधून खिचडीच्या फोडणीचा वास येत होता, आणि पहिलीतली पोरं आढाव्यापेक्षा तिकडंच जास्त बघत होती.

सांस्कृतिक मंत्र्यानं आषाढीची दिंडी, शिक्षकदिनाला मोठ्या मुलांनी घेतलेले तास, 17 सप्टेंबरचं ध्वजारोहण असं ओळीनं सांगितलं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी 1938 ची गोष्ट आपण नाटुकल्यातून दाखवली, असंही तो म्हणाला. त्या वर्षी निजामाच्या राज्यात हैदराबाद आणि औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला, शेकडोंना काढून टाकलं गेलं, आणि बऱ्याच जणांना पुढचं शिकायला नागपूर विद्यापीठानं जागा दिली. "ते पण विद्यार्थीच होते," एवढं बोलून तो खाली बसला.

पाणीमंत्री लहान चणीचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर, तेव्हा तो पाळण्यातून नुकता उतरलेला असेल. पण त्यानं सुरुवात तिथूनच केली. "आपल्या जिल्ह्याला पाणी रेल्वेनं आलं होतं, म्हणून नळ नीट बंद करायचा." मग काम सांगितलं : गळक्या नळाचा वायसर बदलला, हात धुतलेलं पाणी परसबागेत वळवलं, मेथी आणि शेपू दोनदा खिचडीबरोबर शिजली.

मग आरोग्यमंत्री उठली. तिच्या डाव्या हाताच्या नखांत पिवळा तेलरंग होता, घासूनही न गेलेला. हात धुण्याचा दिवस, नखं तपासणी, जंताच्या गोळ्या हे तिनं भराभर वाचलं. मग पान थोडं डोळ्यांजवळ नेलं.

"राहिलेलं. शाळेपासून शंभर यार्डाच्या आत तंबाखू विकायची नाही असा 2003 चा कायदा आहे. आपण मोजलं. कोपऱ्यावरची टपरी दोन मीटर आत आहे. ती अजून तिथंच आहे."

क्षणभर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतरांना प्रत्येक वाक्यागणिक मिळाल्या होत्या. मग मागच्या बाजूला बसलेल्या, शाळेला दूध घालणाऱ्या एका आजींनी वाजवल्या आणि बाकीच्यांनी धरल्या.

"मला मोजून दाखवाल?" मी विचारलं. ती धावत जाऊन दोरी घेऊन आली.

दोरी म्हणजे तीन घरांतून मागून आणलेले बैलांचे कासरे, एकमेकांना बांधलेले. दर मीटरला गाठ, दर दहा मीटरला लाल चिंधी. शंभर यार्ड म्हणजे 91 मीटर 44 सेंटीमीटर, हे चौथीतल्या पोरालाही पाठ होतं. तंबाखूमुक्त शाळेची पिवळी रेघ मारायची म्हणून ऑगस्टमध्ये हे मोजमाप सुरू झालं होतं. रस्त्यानं मोजलं तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यापासून सरळ 80 मीटर, मग काटकोनात वळून 40 मीटर. एकूण 120. टपरी कायद्याच्या बाहेर. मुलं रेघ मारून मोकळी होणार होती.

पण सरांनी नियम वाचून दाखवला. अंतर रस्त्यानं धरायचं नसतं. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सगळीकडं सारखं, सरळ धरायचं असतं, वर्तुळाच्या त्रिज्येसारखं. मधल्या मोकळ्या प्लॉटमध्ये बाभळी आणि काँग्रेस गवत माजलेलं. पायथागोरसचा धडा सातवीच्या पुस्तकात शेवटी शेवटी येतो. सरांनी तो ऑगस्टमध्येच फळ्यावर घेतला. 80 चा वर्ग, 40 चा वर्ग, बेरीज 8000, आणि वर्गमूळ 89 पॉइंट काहीतरी. मुलांना फळ्यावरचं पटलं नाही. त्यांनी दोरी बाभळीतून नेली.

माझ्यासमोर पुन्हा नेली. दोन पोरं काटे चुकवत पुढं, ती शून्याच्या गाठीवर पाय देऊन उभी. दोरी ताणली, सैल झाली, पुन्हा ताणली. "एकोणनव्वदच्या फुडं हाताभर!" पलीकडून आरोळी आली. तिनं माझ्याकडं बघितलं. "दोन मीटर आत, मॅडम." काटकोनात आखलेल्या गावात पायथागोरसचा त्रिकोण बाभळीतून जाताना मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो क्षण अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

टपरीवाले पन्नाशीचे. पुड्यांच्या माळा, बिस्किटं, शेंगदाण्याचे लाडू. ती त्यांना मामा म्हणते. "परत मोजायलेत व्हय?" ते हसले. मग मला म्हणाले, "सोयाबीन पावसात गेलं की घर ह्याच्यावर चालतंय, ताई." खोटं नव्हतं ते. टपरीचे पाय सिमेंटमध्ये रोवलेले, विजेची जोडणी तिथंच, सावलीचं झाडही तिथंच.

"दोन मीटरनं काय होतंय, बाळा?"

"मग मामा, दोन मीटर सरकवायला काय होतंय?"

ते बोलले नाहीत. मीही नाही.

परत येताना तिनं सांगितलं की तिचे आजोबा धाकट्या भावाला पुडी आणायला धाडायचे. अठराच्या आतल्यांना द्यायची नाही, हाही त्याच कायद्यात आहे, हे तिनं मामांना सांगितलं होतं. "आता भाऊ गेला की मामा रिकाम्या हातानं पाठवतेत. आजोबाला सोताला जावं लागतंय." मग हे 'झालेलं'मध्ये का नाही लिहिलंस? ती थांबली. "आमच्याच घरचं मला माहीत. बाकीच्या घरचं नाही बघितलं अजून." तिच्या वहीत न तपासलेलं काही चढत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात एका शाळेत गेले. तिथं मीना राजू मंचाच्या मुलींनी सत्राचा आढावा मांडला. फ्लेक्स होता, प्रत्येक कामाचा फोटो होता, बोलणं पाठ आणि स्वच्छ होतं. वृक्षारोपण, वाचन प्रेरणा दिन, गावफेरी. मेहनत खरी होती, पोरींच्या घशाला कोरड पडली होती. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुणीतरी मोठं माणूस मोबाईल वर धरत होतं आणि मुली वाक्य अर्धवट सोडून तिकडं बघत होत्या. हे मला खटकलं.

कार्यक्रम संपल्यावर सहावीतली एक मुलगी वहीचं शेवटचं पान उघडून माझ्याजवळ आली. सात नावं होती. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारी सात पोरं. त्यांना गावातच हंगामी वसतिगृहाच्या सोयीत ठेवून घ्यायचं म्हणून मुली घरोघर जाऊन आल्या होत्या. दोन घरं तयार झाली होती, पाच नव्हती. सत्रातलं सगळ्यांत अवघड काम हेच होतं. ते फ्लेक्सवर नव्हतं, कारण त्याचा फोटो निघत नाही, आणि ते पुरं झालेलं नव्हतं.

मला एवढंच म्हणायचं आहे. या पोरांना आपण मंत्री म्हणतो, शपथ देतो, बोटाला शाई लावतो. मग त्यांच्याकडून फक्त झालेल्याची यादी मागतो. पण नेतृत्व शिकायला मिळतं ते राहिलेल्याच्या रकान्यापाशी : तिथं आपल्याच मामाच्या टपरीवर बोट ठेवावं लागतं, आणि शेजारच्या पाच घरांनी नाही म्हटलं हे सगळ्यांसमोर वाचावं लागतं. मुलांना ते जमतं. ऐकणाऱ्या मोठ्यांनी त्यासाठी जागा ठेवली पाहिजे. प्रत्येक शाळेच्या आढाव्यात ती उभी रेघ असावी, असं मला मनापासून वाटतं. मुखेडच्या त्या मुलीला मी औशाच्या कागदाचा फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे वाचू दिलं तिला?"

"दिलं," मी म्हणाले.

सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात औशाहून सरांचा पुन्हा फोटो आला. दुसऱ्या सत्राचं नवं जोडपान. डावी बाजू कोरी, उजवीकडे दोन ओळी. दुसरी होती : 'पोरांना पुडी देतात का, घरोघर विचारणे.' पहिली तीच. टपरी. 2 मीटर.