महिला व मुलांसाठी विशेष कक्ष

महिला व मुलांसाठी विशेष कक्ष हा पोलीस यंत्रणेच्या आवारात राहून हिंसापीडित स्त्रिया व मुलांना साहाय्य करणारा समाजकार्य उपक्रम आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने तो १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात सुरू केला. त्या वेळी ज्युलिओ रिबेरो हे आयुक्त होते. विद्यापीठ व पोलीस यांच्यातील सहकार्याचे हे महाराष्ट्रातील दीर्घकाळ टिकलेले उदाहरण होय.

पार्श्वभूमी

१९३६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एखाद्या सामाजिक प्रश्नाचा अभ्यास आणि त्यावरील प्रत्यक्ष काम एकाच ठिकाणी चालवायचे, अशी तिच्या क्षेत्रीय प्रकल्पांची पद्धत आहे. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट होऊन विवाहित स्त्रीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. (२०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे.) कायदा झाला, तरी अशी तक्रार 'घरचा मामला' समजून परत पाठवण्याची वृत्ती कायद्याबरोबर बदलणारी नव्हती.

कार्यपद्धती

कक्षातील प्रशिक्षित समाजकार्यकर्ती प्रथम स्त्रीचे म्हणणे सविस्तर ऐकून घेते. त्यानंतर स्त्रीधन परत मिळवणे, निवारा, वैद्यकीय वा कायदेशीर मदत, गुन्हा नोंदवण्यास साहाय्य अथवा दोन्ही पक्षांची संयुक्त बैठक यांपैकी काय करावयाचे, हे त्या स्त्रीच्या इच्छेनुसार ठरते. येथील समुपदेशन म्हणजे समेट घडवणे नव्हे; हा भेद बाहेरच्यांच्या लक्षात क्वचितच येतो.

कार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसते, पण ती पोलीस कर्मचारी नसते. या सहकार्याचे बळ आणि त्यातील ताण, दोन्ही येथेच आहेत. पोलिसांच्या अधिकाराचा आधार नसेल, तर सासरची मंडळी बोलावणे मनावर घेत नाहीत. आणि ती पोलिसांच्या अंकित झाली, तर स्त्री मोकळेपणाने बोलत नाही.

अभ्यासाचे अंग

रोजच्या कामातून तयार होणाऱ्या प्रकरणांच्या नोंदी कौटुंबिक हिंसेच्या अभ्यासासाठी मोलाच्या ठरतात. मात्र ही माहिती मदत मागायला आलेल्या स्त्रीने विश्वासाने दिलेली असते. त्यामुळे गोपनीयता हा येथे केवळ संशोधनाचा नियम राहत नाही. गावात ओळख उघड झाली, तर तिच्या जिवालाही धोका संभवतो.

विस्तार

पुढे राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाच्या साहाय्याने हे कक्ष महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत पोहोचले. हरियाणासारख्या राज्यानेही ही पद्धत स्वीकारली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाल्यावर संरक्षण व निवासाचे आदेश मिळवण्याचा दिवाणी मार्गही खुला झाला.

महानगरात जन्मलेली ही रचना किनारी जिल्ह्यांत वेगळ्या अडचणींना सामोरी जाते. रायगडचे मुख्यालय अलिबाग येथे आहे. श्रीवर्धन तालुक्यातील स्त्रीला तेथे जाण्यासाठी दिघीहून आगरदांड्याला राजपुरी खाडी ओलांडावी लागते, किंवा खाडीला वळसा घालून रस्त्याने जावे लागते. पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीसाठी प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि घरात द्यावयाचे कारण या तिन्हींची जुळवाजुळव तिलाच करावी लागते.